पट्टी पाहिलीस का?

"ऑइल महागाचं घाल, स्वस्तातलं घाल, गाडीला त्याचं काही नसतं. पण दर रविवारी पट्टी बघत जा. गाडी जुनी आहे, थोडं पिते."

अप्पांनी आपल्या गाडीची किल्ली लेकीच्या हातात ठेवताना हे सांगितलं, तेव्हा लेकीचं सगळं लक्ष मागच्या सीटवर होतं. तिथे तिची अडीच वर्षांची चिमणी सीटबेल्टचं टोक मन लावून चोखत होती. त्या पट्ट्याला आजवर किती जणांचे हात लागले असतील, याचा हिशोब लेक मनातल्या मनात करत होती. त्यामुळे "अप्पा, तिच्यासमोर 'पिते' वगैरे नका ना म्हणू, ती लगेच उचलते," एवढंच ती म्हणाली आणि बापाचा इशारा तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला.

मेकॅनिकपासून दूधवाल्यापर्यंत सगळे या लेकीला ताई म्हणतात, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

अप्पांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. एकतीस वर्षं दर तासाला टाकीची पातळी बघायची आणि ती खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच काम. एवढंच काम इतकी वर्षं केलेल्या माणसाच्या मनात पातळी या गोष्टीविषयी जो आदर असतो, तो इतरांच्या मनात देवाविषयीही नसतो. डॉक्टरांनी "आता या डोळ्यांनी गाडी नको" असं सांगितल्यावर त्यांनी एका शब्दाने कुरकुर न करता गाडी लेकीला दिली. पण देण्याआधी बॉनेट उघडून रीतसर शिकवणी घेतली. इंजिन गार हवं. जागा सपाट हवी. पट्टी बाहेर ओढायची, पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची, मग बघायचं. पट्टीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मधे हवं. पुसायला त्यांनी स्वतःच्या जुन्या बनियनचा एक तुकडा चार घड्या घालून समोरच्या कप्प्यात ठेवला होता.

तो तुकडा ताईने तिसऱ्याच दिवशी दोन बोटांच्या चिमटीत धरून कचऱ्यात टाकला आणि कप्प्यात ओल्या वाइप्सचं पाकीट ठेवलं. मग तिला बरं वाटलं.

आता ताईच्या स्वभावाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. ती मुळात बेफिकीर नव्हती, उलट तिच्याइतकी काळजी करणारी बाई त्या चार मजली इमारतीत दुसरी नव्हती. चिमणी झाल्यापासून ती झोपेतही एक डोळा उघडा ठेवायची. साबणापासून बिस्किटापर्यंत जे घरात येईल त्याचं लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे ज्या वस्तूला लेबल आहे ती वस्तू आपल्याला कळते, असा तिचा ठाम समज होता. अडचण एवढीच, की पट्टीला लेबल नव्हतं.

दर रविवारी सकाळी नऊला अप्पांचा फोन यायचा.

"पट्टी पाहिलीस का?"

"पाहिली, अप्पा."

"मधे आहे?"

"मधे आहे."

पहिल्या रविवारी हे बोलताना तिला थोडं अपराधी वाटलं. दुसऱ्या रविवारी तेवढं वाटलं नाही. तिसऱ्या रविवारी तर "बरोबर मधे, थोडं वरच्या बाजूला" असा तपशीलही तिने स्वतःहून पुरवला. खोटं बोलण्यातही माणसाला हात बसतो. एका हाताने चिमणीला भरवत, दुसऱ्या हाताने सांडलेला भात गोळा करत, खांदा आणि कानाच्या मधे फोन धरलेल्या बाईने खाली उतरून बॉनेट कधी उघडायचं, हा तिचा प्रश्न तसा रास्तच होता. फोन एका मिनिटात आटपायचा, कारण अप्पांना दुसरं काही विचारता येत नसे आणि ताईला दुसरं काही सांगायला वेळ नसे.

प्रकरणाला सुरुवात झाली ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिकपासून. ताई चाकात हवा भरायला गेली होती. त्याने मीटरकडे नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, ऑइल बदलायला झालंय. कुठलं टाकू? साधं की ब्रँडेड?"

"फरक काय आहे?"

"किमतीचा."

"म्हणजे, गुणाचा काय फरक आहे?"

मेकॅनिकने हात पुसले. त्याला पुढे चार गाड्या होत्या. "ब्रँडेड ब्रँडेडच असतं, ताई. साधंही चालतं. आणू का?"

"मी विचार करून सांगते."

"विचार कसला करताय? ऑइल आहे, स्थळ नाही."

बाकावर बसलेले दोघे हसले आणि ताईचे कान लाल झाले. जी बाई तापाचं औषध देण्याआधी तीन ठिकाणी खात्री करून घेते, तिला एका वाक्यात असं उडवून लावायचं? तिने आवाजात होती नव्हती ती सगळी शिकलेली ताकद आणून सांगितलं, "मी माहिती काढून येईन."

"बरं. तोवर थोडं साधं भरून देऊ का वरून? जुनी गाडी आहे."

"नको नको! मिसळायला नको. मग परिणाम कसा कळणार?"

मेकॅनिकला हे काही समजलं नाही. आपल्यालाही समजून घ्यायची घाई नको. फक्त हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्या दिवसापासून ताईच्या घरात इंजिन ऑइल हा विषय पाहुण्यासारखा आला आणि जायचं नावच घेईना. चिमणी दुपारी झोपली की ताई फोन घेऊन बसायची. एक माणूस व्हिडिओत दोन इंजिनं उघडून दाखवत होता आणि सांगत होता, की महागाचं ऑइल घातलेलं इंजिन आतून आरशासारखं असतं. दुसरा माणूस तशीच दोन इंजिनं उघडून सांगत होता, की हे सगळं जाहिरातवाल्यांचं थोतांड आहे. दोघांचेही हात सारखेच काळे होते, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावा ते कळत नव्हतं. शेवटी ताईने चार मोठे कागद एकमेकांना चिकटवले आणि तक्ता आखला. डाव्या बाजूला अकरा ऑइलं, वर नऊ रकाने. 'उष्णतेत टिकाव', 'थंडीत प्रवाहीपणा', 'विश्वासार्हता' आणि शेवटचा रकाना 'मन काय म्हणतं'. हा शेवटचा रकाना शास्त्रीय नव्हता हे तिलाही माहीत होतं, पण भरलेला तेवढाच होता.

"अगं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की कुठलं घालायचं," नवरा म्हणाला.

"पुस्तकात नुसता ग्रेडचा नंबर आहे. नंबर तर सगळ्यांचाच तो आहे. साध्याचाही आणि महागाच्याही."

"मग झालं तर! कुठलंही घाल."

"कुठलंही?" ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चिमणीला डांबरावर झोपव असं तो म्हणाला होता. "त्या गाडीत ती बसते!"

यावर नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. चिमणीचं नाव निघालं की वाद संपतो, हे त्याला आता पाठ झालं होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहत. सल्ला देताना ते दर तिसऱ्या वाक्याला 'पुराव्यानिशी सांगतो' म्हणत, म्हणून अख्खी इमारत त्यांना पुरावे म्हणायची. त्यांचं खरं आडनाव पत्रपेटीवर होतं, पण तिकडे कोणी बघत नसे. त्यांच्याकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती, त्यामुळे गाडीबद्दलची त्यांची मतं अनुभवाने अजिबात बिघडलेली नव्हती.

"ब्रँडेडच घ्यायचं, डोळे मिटून," ते जिन्यात म्हणाले. ताईला हायसं वाटलं. ती दोन पायऱ्या उतरली तोच ते पुढे म्हणाले, "पण डोळे उघडे ठेवून. कारण बाजारात जेवढं ब्रँडेड आहे ना, त्यातलं निम्मं बनावट असतं. पुराव्यानिशी सांगतो."

झालं! अकरा ओळींच्या तक्त्यात आता 'खरं' आणि 'बनावट' अशा आणखी दोन बाजू आल्या.

तरी ताईने हिंमत केली. दुकानात जाऊन तिने सगळ्यात महाग डबा उचलला. सोनेरी रंगाचा, कडेने वळणदार, हातात घेतला की आपण काहीतरी बरोबर करतोय असं वाटायला लावणारा. साध्याच्या तिप्पट किंमत. दुकानदार म्हणाला, "एकदम हुशार निवड, मॅडम." कितीतरी महिन्यांत तिच्या निवडीला हुशार म्हणणारा हा पहिलाच माणूस. तिने पिशवीसुद्धा घेतली नाही, डबा दिसेल असा कडेवर धरून आणला. दुसऱ्या कडेवर चिमणी होती.

पुरावे जिन्यातच भेटले. त्यांनी डबा फिरवून पाहिला, कानाजवळ नेऊन हलवला. "वरून काही कळायचं नाही. टिश्यू पेपर आहे का? एक थेंब टाकायचा. गोल पसरला तर खरं, कडेला काळी रेघ आली तर बनावट."

टिश्यू पेपर होता. थेंबही पडला. तो गोल पसरला. पुराव्यांनी चष्मा वर करून तो पाहिला, खाली करून पाहिला आणि "खरं आहे" असा निकाल दिला. या सगळ्या न्यायनिवाड्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं, हे फक्त चिमणीच्या लक्षात आलं. पुढच्या मिनिटात सोफ्याच्या एका गादीवर एक मोठा, सुंदर, चहूबाजूंनी सारखा पसरलेला गोल उमटला. अस्सल असल्याचा याहून मोठा पुरावा कोण देणार?

सोफा धुण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे न जाता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेली, कारण एवढं भारी ऑइल आणि घालणार कोण, तर 'स्थळ नाही' म्हणणारा माणूस? तिथे थंडगार हवा होती, काचेमागे टाय लावलेला माणूस होता आणि फॉर्म होता.

"स्वतःचं ऑइल आणलं असेल तर हमीपत्र लागतं. तीन प्रतींत."

ताईने तीन प्रती भरल्या. चिमणी मांडीवर पेन ओढत होती. 'ऑइल आणण्याचे कारण' या रकान्यात दोनच ओळी होत्या. ताईने मागच्या बाजूला चालू ठेवलं आणि उष्णतेतल्या टिकावापासून सगळं लिहिलं. तिसऱ्या प्रतीपर्यंत तिचं लेखन चांगलंच मुरलं होतं. टायवाल्याने ते न वाचताच डबा हातात घेतला.

"मॅडम, सील तुटलंय."

"हो, मीच तोडलं."

"का?"

"खरं आहे की बनावट, ते बघायला."

"मग?"

"खरं निघालं!"

"पण आता उघडा डबा खरा आहे हे आम्ही कशावरून मानायचं?"

खरंय हे ठरवण्यासाठी उघडावा लागतो आणि उघडला की खरा राहत नाही, हा पेच तिच्या रसायनशास्त्रात कुठेच नव्हता. "आमचं ऑइल घाला ना," टायवाला म्हणाला आणि त्याने आतल्या एका मोठ्या निळ्या ड्रमकडे बोट दाखवलं. ताईने लांबूनच पाहिलं. ड्रमला लेबल नव्हतं. ती उठली, डबा उचलला, चिमणी उचलली आणि जो काय राहिला असेल तो ताठा उचलून बाहेर पडली.

आता कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे मान खाली घालून जाणं आलं. चार दिवस मनाची तयारी करून ती गेली, तर गॅरेजला कुलूप. शेजारच्या शिंप्याने मान वर न करता सांगितलं, "गावाला गेलाय. येईल पंधरा दिवसांनी."

डबा परत घरी, बाल्कनीच्या नेहमीच्या कोपऱ्यात आला. चिमणीचा हात पोचू नये म्हणून ताईने तो तिथून उचलून बेडरूमच्या कपाटावर, पार मागे, सूटकेसच्या आड ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला बाल्कनीचा कोपरा रिकामा दिसला. तो मनात म्हणाला, घातलं वाटतं गाडीत एकदाचं. तोंडाने काही म्हणाला नाही. या घरात ऑइलचा विषय आपण होऊन काढायचा नाही, एवढा शहाणपणा त्या महिन्याने त्याला दिला होता. आणि ताईचा समज असा, की पंधरा दिवसांनी मेकॅनिककडे डबा पोचवण्याचं काम तिने नवऱ्याला सांगितलंय. सांगितलं तिने होतंच, पण तो आंघोळीला गेला असताना, नळ सोडलेला असताना, दाराबाहेरून. "हं" असा आवाजही आला होता. नळातूनही तसा आवाज येतो.

त्या रविवारी अप्पांचा फोन आला तेव्हा ताईने जरा फुशारकीच मारली. "अप्पा, यावेळी ऑइल सगळ्यात भारी आणलंय. महिनाभर अभ्यास केला!"

"आणलंयस ना," अप्पा म्हणाले. "घातलंयस का?"

"अप्पा! मी काय लहान आहे?"

"बरं, ठेवतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी नऊ वाजले आणि फोन वाजला नाही.

आधी ताईला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. सव्वानऊपर्यंत तिने चिमणीचं आवरलं. साडेनऊला तिने फोन उचलून आवाज चालू आहे ना ते पाहिलं. पावणेदहाला परत पाहिलं. मग स्वतःच फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

"झोपले असतील," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"नऊ वाजून गेल्यावर? अप्पा?"

"मग बाहेर गेले असतील. फोन घरी राहिला असेल. मागच्या वेळी चिडलीस ना त्यांच्यावर, रुसले असतील."

हे शेवटचं त्याने गमतीने म्हटलं, पण ताईने तिसऱ्यांदा फोन लावला. अप्पा रुसणारे नव्हते. टाकीवर कधी रुसून चालत नाही. चिमणीला थोडा ताप आला तरी सगळं घर डोक्यावर घेणारी ही बाई. पण बापाचं तब्येतपाणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते काही केल्या आठवेना. दर रविवारी प्रश्न अप्पाच विचारायचे. ती नुसतं उत्तर द्यायची, आणि तेही खोटं.

तिने किल्ली घेतली, चिमणीला कडेवर घेतलं, पर्स खांद्याला लटकवली.

"अगं थांब, मी येतो बरोबर, फक्त पँट..."

ती जिना उतरलीसुद्धा होती.

अप्पांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. अर्धं अंतर बरं गेलं. मग मोठ्या रस्त्यावर इंजिनातून टकटक, टकटक असा आवाज येऊ लागला, जणू आत कोणी दार ठोठावतंय, आणि समोर किटलीच्या आकाराचा एक लाल दिवा लागला. "आई, लाल!" चिमणी मागून आनंदाने ओरडली. ताईने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगला कपाळ टेकवलं.

मग ती उतरली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं. पट्टी लगेच सापडली, अप्पांनी दाखवली होती तिथेच. गार इंजिन वगैरे म्हणायची ही वेळ नव्हती. ओढली. पुसायला कप्प्यात हात घातला तर वाइप्सचं पाकीट सुकून खडखडीत झालेलं. बनियनचा तो तुकडा तिला त्या क्षणी असा डोळ्यांसमोर दिसला, चार घड्यांसकट. शेवटी चिमणीच्या गळ्यातलं लाळेरं काढून पट्टी पुसली, आत घातली, बाहेर ओढली. दोन खुणा होत्या. मधे काही नव्हतं. खालच्या खुणेच्या खाली, अगदी टोकाला, एक मलूल काळा थेंब तेवढा लटकला होता. मेकॅनिकला 'मिसळायला नको' म्हटलं होतं, आता मिसळायलाही काही उरलं नव्हतं.

तिप्पट किमतीचा, गोल पसरणारा, अस्सल सोनेरी डबा त्यावेळी बेडरूमच्या कपाटावर सूटकेसच्या आड सुखात होता.

समोरून एक टॅक्सी गेली, भरलेली. दुसरी गेली, तीही भरलेली. शंभर पावलांवर पेट्रोल पंप दिसत होता. ताई चिमणीला घेऊन पळाली. पंपाच्या आत काउंटरवर एक बाई विणकाम करत बसली होती. तिच्या मागे फळीवर ऑइलचे डबे होते, चार-पाच तऱ्हांचे.

"ऑइल," ताई धापा टाकत म्हणाली आणि पुस्तकातला ग्रेडचा नंबर सांगितला. तो तिला पाठ होता. महिनाभराच्या अभ्यासातला तेवढाच कामाला आला.

"कुठलं देऊ?" बाई सुया बाजूला ठेवत म्हणाली. "त्या नंबरात तीन आहेत. हे साधं, हे जरा बरं, आणि हे..."

"कुठलंही! हाताला येईल ते! पटकन!"

बाईने एकदा तिच्याकडे, एकदा कडेवरच्या उघड्या गळ्याच्या पोरीकडे पाहिलं आणि हाताला येईल तो डबा दिला. त्याच्यावर काय लिहिलं होतं, ते ताईने वाचलं नाही. अडीच वर्षांत न वाचता घेतलेली ही तिची पहिली वस्तू.

गाडीशी आल्यावर नवी अडचण. ओतायचं कशाने? नरसाळं नाही. ताईने पर्स उपडी केली. वाइप्स, चमचा, तापमापी, बिस्किटं, आणि घडी घातलेला तो चार कागदांचा तक्ता. तिने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. अकरा ऑइलं, नऊ रकाने. मग त्याची गुंडाळी करून टोक भोकात खुपसलं आणि वरून ओतायला सुरुवात केली. 'विश्वासार्हता' भिजली, 'थंडीत प्रवाहीपणा' भिजला, 'मन काय म्हणतं' शेवटी भिजलं. निम्मं ऑइल इंजिनात गेलं, थोडं तिच्या कुडत्यावर, थोडं चिमणीच्या बुटांवर. थांबून पट्टी पाहिली. अजून ओतलं, परत पाहिली. मधे! देवाशप्पथ मधे! गाडी सुरू केली. दिवा विझला. टकटक हळूहळू थांबली.

अप्पांच्या घराची किल्ली तिच्या जुडग्यात होती. दार उघडलं तर अप्पा स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधे जमिनीवर बसलेले, पाठ कपाटाला टेकवून, एक पाय लांब केलेला. घोटा वांग्याएवढा सुजलेला. फोन आतल्या खोलीत खिडकीत चार्जिंगला लावलेला.

"अप्पा!"

"अगं, घाबरू नकोस. सकाळी ओल्या फरशीवरून पाय घसरला. फोन वाजत होता, ऐकत होतो. पण लांब होता." त्यांनी ओळीने फरशांकडे बोट दाखवलं. "सरकत निघालोय. तासाला अडीच फरशा. आठ झाल्या, चार बाकी आहेत. साधारण पावणेदोनपर्यंत पोचलो असतो."

ताईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. चिमणी आजोबांच्या लांब केलेल्या पायाशेजारी तसाच पाय लांब करून बसली.

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. कुडत्यावरचे डाग पाहिले. कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहिले. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "पट्टी पाहिलीस का?"

"पाहिली."

"किती होतं?"

"काहीच नव्हतं, अप्पा. कधीच पाहिली नव्हती. आज पहिल्यांदा."

"मग?"

"घातलं."

"कुठलं?"

"माहीत नाही."

अप्पांनी तिच्या काळ्या हातावर आपला हात ठेवला. "शाब्बास," ते म्हणाले.

तेवढ्यात नवरा दारात धापा टाकत उभा. त्याने एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट घातला होता आणि काखेत सोनेरी डबा होता. तो म्हणाला, "पँट शोधताना कपाटावर सापडला! तू घातलंस असं मला वाटलं होतं!" "तू घालणार होतास असं मला वाटलं होतं!" ताई म्हणाली. अप्पा मधेच म्हणाले, "भांडण नंतर करा, आधी मला उचला."

हाड मोडलं नव्हतं, तीन आठवड्यांचं बँडेज होतं. ते तीन आठवडे अप्पा ताईकडेच राहिले, त्या गोल डागाच्या सोफ्यावर. मेकॅनिक गावाहून आला. त्याने जुनं ऑइल काढून सोनेरी डब्यातलं घातलं तेव्हा ताईने हळूच विचारलं, "खरं सांगा, एवढं महागाचं घेण्यात अर्थ आहे का?"

"वाईट काही नाही त्यात," तो म्हणाला. "नंबर बरोबर असला आणि वेळेवर बदललं की तुमच्या गाडीला साधंही पुरतं. महागाचंही चांगलंच असतं, ताई. डब्यातून बाहेर काढलं तर."

पुरावे गाडीचा आवाज ऐकून गेले आणि इंजिन लोण्यासारखं झालंय असं पुराव्यानिशी सांगून गेले. गाडी तेव्हा बंद होती. शेजारच्याची चालू होती.

समोरच्या कप्प्यात आता परत बनियनचा तुकडा आहे, चार घड्या घातलेला. अप्पा आपल्या घरी गेलेत, फोन उशाशी ठेवतात. दर रविवारी नऊला पाच मिनिटं असताना ताईच फोन लावते. "पट्टी पाहिली, मधे आहे," एवढं आधी सांगून टाकते आणि मग विचारते, पाय कसा आहे, जेवण काय केलंत, फरशी कोरडी आहे ना. अप्पांना एवढ्या प्रश्नांची सवय नाही, ते गोंधळतात. पण फोन पूर्वीसारखा मिनिटात आटपत नाही.

ताईची आता एकच विनंती आहे, आणि ती तुम्हाला आहे. ऑइल कुठलं घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरल्या वेळी फोन करून तोच तो कंटाळवाणा प्रश्न विचारणारं कोणीतरी तुमच्याकडेही असेल. गॅस बंद केलास का, पोचलीस का, पट्टी पाहिलीस का, असलं काहीतरी. या आठवड्यात तो फोन आला होता का, जरा आठवून बघा. नक्की आठवत नसेल तर हे वाचणं ठेवा बाजूला आणि आधी तिकडे फोन लावा. वाजत राहिला तर 'झोपले असतील' म्हणू नका. निघा. निघण्याआधी तेवढी पट्टी बघून घ्या.